स्टॉक कार रेसिंग गेम्स: खऱ्यासारखं किती, खेळण्यासारखं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॅस्कारच्या (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंग) गेम्स मी बरीच वर्षं खेळतोय, आधी कीबोर्डवर, मग एका मित्राकडून घेतलेल्या जुन्या जॉयस्टिकवर आणि आता डायनिंग टेबलाला क्लॅम्प लावून बसवलेल्या स्टिअरिंगवर (जेवायच्या आधी काढून ठेवायचं, ही घरची अट). ओळखीतलं कोणी नवीन या नादाला लागलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर गेममधल्या सेटिंगचा स्लायडर तुमच्याच हातात आहे.

नुसतं डावीकडेच तर वळायचं असतं, त्यात रियलिझम कसला?

हा प्रश्न पहिला येणारच. मी पण आधी असंच म्हणायचो.

डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, वळणावर रस्ता ३१ अंश कललेला, तिथे ब्रेकला पाय लावायचं कामच नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून राहायचं. आणि मार्टिन्सव्हिल पूर्ण अर्धा मैल आणि वर थोडासा, ०.५२६, आकार कागदाला लावायच्या पिनेसारखा, लांब सरळ पट्टा आणि टोकाला जवळजवळ सपाट यू-टर्न, म्हणजे एका लॅपला दोनदा कचकचून ब्रेक आणि रेस ५०० लॅपची, करा हिशोब. डार्लिंग्टनची तर दोन टोकं एकसारखीच नाहीत, कारण ट्रॅक बांधताना एका बाजूला माशांचं तळं होतं आणि जमीन देणाऱ्या मालकाला ते हलवायचं नव्हतं, म्हणून ते टोक अरुंद करावं लागलं. १९५० पासून ड्रायव्हर त्या तळ्यापायी शिव्या घालतायत. एका टोकाला गाडी बरोबर बसवली की दुसऱ्या टोकाला बिघडते.

डावीकडे वळायचंय हे खरंय, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं, आजूबाजूला ३५-४० गाड्या, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि टायर दर लॅपला थोडा थोडा मरतोय.

सिम आणि आर्केड यात नक्की फरक काय?

सिम म्हणजे खऱ्या गाडीसारखी चालणारी गेम, आर्केड म्हणजे नुसती मजेसाठी सोपी केलेली. लोक याचे दोन पक्ष करून भांडतात, मला ते फारसं पटत नाही. गल्ली क्रिकेट आठवा. एक टप्पा एक हात आऊट, काळेकाकांच्या गॅलरीत डायरेक्ट गेला तर आऊट, मागे विकेटकीपर नाही म्हणून मागच्या रन नाहीत. नियम सगळे मोडलेले, पण चेंडू सोडायचा की मारायचा हा निर्णय तोच, यॉर्कर पडला की पोटात गोळा तोच. आता बॅटच्या जागी बटण दिलं आणि दाबलं की सिक्स, तर त्याला मी क्रिकेट म्हणणार नाही, मैदान वानखेडेचं असलं तरी.

गेमचं पण असंच आहे. गाडीचे स्टिकर, स्पॉन्सरचे लोगो, प्रेक्षकांची गर्दी हे सगळं हुबेहूब असून गाडी रुळावर चालल्यासारखी चालत असेल तर ते वानखेडेवरचं बटण. उलट ग्राफिक्स पंचवीस वर्षं जुने असून टायर घसरायला लागल्यावर हाताला कळत असेल तर मी तिला खरी म्हणेन. डिझाईन करणाऱ्याने आणि खेळणाऱ्यानेही ठरवायचं असतं ते एवढंच की कुठला निर्णय खरा ठेवायचा, बाकी टप्पा आऊट चालतो.

मग कुठला खरेपणा ठेवायचा आणि कुठला सोडला तरी चालतो?

माझ्या मते तीन गोष्टींना हात लावायचा नाही.

पहिला टायर. नवीन टायरवर गाडी पळते, मग हळूहळू ग्रिप जाते, डार्लिंग्टन किंवा होमस्टेडसारख्या खरखरीत ट्रॅकवर पंधरा-वीस लॅपनंतर लॅप टाईम दीड-दोन सेकंदांनी सहज पडतो. हे आहे म्हणून तर रेस आहे. सुरुवातीला जोरात पळून टायर जाळायचा की दम धरून शेवटी गाठायचं, हा प्रश्न डोक्यात यायलाच हवा. टायर झिजणं बंद केलंत तर उरतो फक्त एकच लॅप, तोच परत परत. बरेच जण गाडी आवरत नाही म्हणून सगळ्यात आधी टायर वेअर बंद करतात आणि मग दोन दिवसांत गेम बोअर झाली म्हणतात, होणारच ना.

दुसरा ड्राफ्ट, म्हणजे हवा. पुढच्या गाडीने हवा कापलेली असते त्यामुळे मागच्या गाडीला कमी रेटा लागतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मागची गाडी चिकटली की पुढच्या गाडीचं मागे ओढलं जाणंही कमी होतं, म्हणून दोघी मिळून एकटीपेक्षा जास्त पळतात, यात पुढचीचाही फायदा आहे. आणि बाजूने येऊन दुसऱ्याच्या मागच्या फेंडरजवळ नाक आणलं की त्याच्या स्पॉयलरवर हवा जास्त बसते आणि तो अक्षरशः ब्रेक लावल्यासारखा मागे येतो, याला साईड ड्राफ्ट म्हणतात. वळणावर मात्र ड्राफ्ट उलटा चावतो, पुढच्या गाडीच्या मागे नाकावर हवाच येत नाही, पुढची चाकं धरत नाहीत आणि गाडी सरळ भिंतीकडे जाते. चांगल्या गेममध्ये हे चारही प्रकार असतात. स्वस्तातल्या गेममध्ये ड्राफ्ट म्हणजे टर्बोचं बटण, मागे लागा आणि उडत जा, बस.

हा ड्राफ्ट एवढा महत्त्वाचा का झाला त्यालाही इतिहास आहे. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल इलियटने ताशी २१२.८०९ मैलांच्या स्पीडने पोल (क्वालिफायिंगमधला पहिला नंबर) मारली आणि त्याच रेसमध्ये बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. पुढच्या वर्षीपासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवाच कमी करणारी प्लेट बसवायला लागले. सगळ्यांची ताकद सारखीच आणि कमी, म्हणून मग कोणीच कोणापासून सुटत नाही आणि तीस-तीस गाड्यांचा घोळका फिरत राहतो. म्हणजे बघा, सेफ्टीसाठी केलेल्या नियमातून खऱ्या रेसमध्येच गेमसारखा खेळ तयार झाला.

तिसरी गोष्ट ट्रॅफिक. शेजारच्या गाडीला तिची जागा लागते, तिला धडकलात तर दोघांचं नुकसान, हे असायलाच हवं.

बाकी रेसची लांबी, वॉर्मअप, यलोच्या (अपघात झाला की दाखवतात तो पिवळा झेंडा) मागचे कंटाळवाणे लॅप, इंजिन फेल होणं, पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) नट निसटणं, यात हवी तेवढी काटछाट करा. खऱ्या आयुष्यात शंभर लॅपनंतर इंजिन फुटलं तर ती बातमी होते, पण ऑफिसमधून येऊन रात्री तासभर मिळालेला असताना पन्नासाव्या मिनिटाला काही चूक नसताना इंजिन फुटलं तर तो नुसता वैताग असतो.

रेस किती टक्के ठेवू?

इथे बहुतेक जण फसतात. डेटोना ५०० म्हणजे २०० लॅप, पूर्ण खेळायची तर साडेतीन तास तरी धरा. शार्लटची ६०० मैलांची रेस ४०० लॅपची, ती चार तासांच्याही वर जाते. एवढा वेळ कोणाला आहे? मग लोक १० टक्के करतात.

आता १० टक्के म्हणजे डेटोनाला २० लॅप. पण एका टाकीत गाडी साधारण ४० लॅप पळते, म्हणजे पिटमध्ये जायची गरजच नाही, टायर पण धड गरम होऊन संपत नाहीत, आणि रेसचा जो अर्धा गंमतीचा भाग तो गायब. म्हणून रेस छोटी केली की त्या प्रमाणात पेट्रोल आणि टायरचा खप वाढवायचा. बऱ्याच गेममध्ये त्याचं वेगळं सेटिंग असतं. २० लॅपला खप तिप्पट केला तर टाकी तेरा लॅपची झाली, म्हणजे एक स्टॉप आलाच, आणि तो सातव्या लॅपपासून तेराव्यापर्यंत कधी घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. हा झाला खरा टप्पा आऊट, नियम मोडला पण निर्णय वाचला.

छोट्या ट्रॅकवर उलट करा. मार्टिन्सव्हिल १० टक्के म्हणजे ५० लॅप, वीस-एकवीस सेकंदांचा एक, सतरा-अठरा मिनिटांत आटपलं, तिथे २५ टक्के ठेवलं तरी पाऊण तास. मी स्वतः मोठ्या ट्रॅकला २० आणि छोट्यांना ३० च्या आसपास ठेवतो आणि रविवारी घरचे लग्नाला वगैरे गेले असतील तर पूर्ण शार्लट. पूर्ण खेळण्यात एक मजा अशी की ती रेस संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि रात्री लाईटमध्ये संपते, ट्रॅक थंड होत जातो तशी गाडी बदलत जाते आणि पहिल्या शंभर लॅपला परफेक्ट वाटलेला सेटअप शेवटी नकोसा होतो. छोट्या रेसमध्ये हे कधीच दिसत नाही.

डॅमेज ऑन ठेवू की ऑफ?

लहानपणी खेळताना एखादं शेंबडं पोरगं असायचं, आईने सांगितलंय म्हणून घ्यायचं, पण आऊट नाही करायचं. कच्चा लिंबू. डॅमेज ऑफ म्हणजे तुम्ही कच्चा लिंबू. पहिला आठवडा कच्चा लिंबू व्हायला काहीच लाज नाही, ट्रॅक शिकायचाच असतो. नंतर मात्र ऑन करा, निदान अर्धं तरी, कारण डॅमेज नसलं की भिंत म्हणजे फुकटचा ब्रेक होते. वळणावर स्पीड कमीच करायचा नाही, भिंतीला घासत जायचं, गाडी आपोआप वळते. ही युक्ती प्रत्येकाने कधी ना कधी केलेलीच आहे.

आणि एकाने ती खऱ्या ट्रॅकवर केली. ३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल, शेवटचा लॅप. रॉस चॅस्टेनला फायनलच्या चौघांत यायला डेनी हॅमलिनच्या पुढे जाणं भाग होतं आणि तेवढ्या जागा साध्या मार्गाने मिळणं शक्य नव्हतं. याने मागच्या सरळ पट्ट्यावर पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि शेवटच्या दोन वळणांना भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकल्या. लॅप १८.८४५ सेकंदांचा, त्या ट्रॅकवर कप (नॅस्कारची सगळ्यात वरची सिरीज) गाडीचा सगळ्यात फास्ट. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की हे डोक्यात आलं ते लहानपणी भावाबरोबर गेमक्यूबवर खेळलेल्या नॅस्कार २००५ मधून. तो कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला म्हणून लोकांनी या प्रकाराला नाव ठेवलं हेल मेलन ('हेल मेरी' म्हणजे शेवटच्या क्षणी खेळलेला जुगार, त्यावरून).

मी ते बघितलं तेव्हा आधी हसलो आणि मग वाटलं, ज्या गोष्टीला आपण वीस वर्षं गेमची चूक म्हणून हिणवत आलो ती फिजिक्सच्या हिशोबाने बरोबर निघाली की! चुकीचं होतं ते फक्त एवढंच, की गेममध्ये गाडी नंतर पण धड राहायची आणि ड्रायव्हरला काही व्हायची भीतीच नव्हती. पुढच्या सीझनच्या आधी नॅस्कारने सांगून टाकलं की सेफ्टीच्या आधीपासूनच्याच नियमाखाली असं करणाऱ्याला आता पेनल्टी बसेल. म्हणजे जे काम गेममध्ये डॅमेजच्या सेटिंगने करायचं ते त्यांना नियमाने करावं लागलं.

कॉम्प्युटरच्या गाड्या चीटिंग करतात का हो?

करतात. सगळ्या गेममध्ये थोडीफार करतात, प्रश्न हा की पकडल्या जातात का.

सगळ्यात वाईट प्रकार रबर बँड. तुम्ही पुढे गेलात की मागचे अचानक पंख फुटल्यासारखे येतात, तुम्ही मागे पडलात की पुढचे फिरायला आल्यासारखे चालवतात. पैसे टाकून खेळायच्या मशीनवर हे ठीक होतं, तिथे तीन मिनिटांत मजा द्यायची असते. सीझन खेळायचा असेल तर हे विष आहे, कारण तुम्ही चांगलं चालवलंत काय आणि वाईट चालवलंत काय, शेवटचा लॅप सारखाच.

दुसरा प्रकार जरा लपून असतो, त्यांच्या गाडीला तुमच्यापेक्षा सोपं फिजिक्स. त्यांचे टायर झिजतात ते नुसते आकड्यात, खऱ्या अर्थाने घसरत नाहीत, आणि तुम्ही त्यांना हलकं टेकलात की तुम्हीच फिरता, ते मात्र खांबासारखे उभे. याची टेस्ट सोपी आहे. प्रॅक्टिसमध्ये एका गाडीच्या मागे वीस लॅप नुसते फिरा, काही करू नका. तिची लाईन शेवटपर्यंत मिलिमीटरने बदलली नाही तर समजा रुळावरची गाडी आहे. चांगल्या एआयची गाडी टायर गेल्यावर वर सरकते, चुकते, कधीतरी भिंतीला घासते.

अपोनंट स्ट्रेंथ किती ठेवायची असं विचाराल तर क्वालिफायिंगला नाही, लाँग रनला जुळवा. क्वालिफायिंगमध्ये तुम्ही पाचवे आणि तीस लॅपनंतर पण पाचव्या-सहाव्याच्या आसपास, हे जमलं की थांबा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना हरवायला लागलात तर वाढवा, लाजू नका.

माझ्याकडे स्टिअरिंग नाही, कीबोर्डवर जमेल का?

जमेल, पण असिस्टशिवाय (म्हणजे गेमने केलेल्या मदतीशिवाय) छळ आहे. कीबोर्डला स्टिअरिंग म्हणजे शून्य किंवा शंभर, मध्ये काही नाही, आणि ओव्हलवर (लांबट गोल ट्रॅकवर) तर वळणभर स्टिअरिंग जेमतेम थोडंसं धरून ठेवायचं असतं. म्हणून गेमने स्पीडप्रमाणे स्टिअरिंग मऊ करणं ही चीटिंग नाही, तो चष्मा समजा. कंट्रोलर असेल तर खूपच बरं, स्टिकचं सेटिंग थोडं नॉन-लिनिअर ठेवा.

स्टिअरिंग घ्यायचंच असेल तर सगळ्यात महाग घ्यायला धावू नका, फोर्स फीडबॅक (स्टिअरिंग हाताला गाडीचे झटके देतं ते) असला म्हणजे झालं, लॉजिटेकच्या जी२९ सारखं काहीतरी पुरतं. खऱ्या ड्रायव्हरला गाडी घसरतेय हे बसल्या जागी कळतं, कमरेला. आपल्याला खुर्चीत काही कळत नाही, म्हणून ती सगळी बातमी हातातून यावी लागते. इथे एक गंमत आहे, पूर्ण खरं फिजिक्स आणि त्याची जाणीव करून देणारं काहीच नाही, हे खऱ्यापेक्षा अवघड होतं. म्हणजे काही असिस्ट लावल्यावर गेम खऱ्याच्या जास्त जवळ जाते, लांब नाही. हे मला समजायला फार वर्षं गेली, तोवर मी सगळे असिस्ट बंद करून उगाच मर्दुमकी करत होतो आणि दर दहा लॅपला गवतात जात होतो.

टाईट, लूज, वेज, हे काय असतं? सेटअप शिकावाच लागतो का?

टाईट म्हणजे गाडी वळत नाही, लूज म्हणजे मागून घसरते. गॅरेजमध्ये सांगतात तसं, टाईट असली की भिंत नाकाने लागते आणि लूज असली की पार्श्वभागाने.

सुरुवातीला गेममधला तयार सेटअप वापरा. हल्ली बऱ्याच गेममध्ये नुसता टाईट-लूजचा एक स्लायडर पण देतात आणि सिमवाले नाक मुरडतात, पण मला तो आवडतो. कारण खऱ्या रेसमध्ये ड्रायव्हर तरी काय सांगतो? आत शिरताना लूज आहे, मध्ये टाईट आहे, एवढंच. पाना घेऊन वेज अर्धा फेरा फिरवायचं काम क्रूचं. तेव्हा स्लायडर म्हणजे तुमचा क्रू चीफ समजा.

पुढे शिकायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी टायरचं प्रेशर, मग क्रॉस वेट (वेज फिरवून बदलतात ते हेच) म्हणजे उजवीकडच्या पुढच्या आणि डावीकडच्या मागच्या चाकावर मिळून किती वजन येतं ते, वाढवलं की साधारण गाडी टाईट होते. मी एकदा एका रात्रीत नऊ गोष्टी बदलल्या, गाडी खराब झाली आणि नक्की कशामुळे झाली ते आजतागायत कळलेलं नाही.

स्क्रीनवर स्पीड, मॅप, बाणबिण ठेवले तर रियलिझम जातो का?

खऱ्या कप गाडीत स्पीडोमीटर नसतो, पेट्रोलचा काटा नसतो आणि पिटमधला स्पीड आपोआप धरणारा लिमिटर पण नसतो. ड्रायव्हर आरपीएम आणि लाईट बघून पिटचा स्पीड सांभाळतो, चुकला की पेनल्टी. हे गेममध्ये एकदा तरी करून बघा, मस्त घाम फुटतो. पेट्रोल किती उरलंय तेही क्रू हिशोब करून रेडिओवर सांगतो.

बाजूची गाडी दाखवणारे बाण मात्र मी ठेवतो. खऱ्या ड्रायव्हरचं डोकं पण सीट आणि मानेच्या हॅन्स पट्ट्यात असं अडकवलेलं असतं (२००१ ला डेटोनाच्या रेसमध्ये डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर अपघातात वारला, त्यानंतर ते सक्तीचं झालं) की मान वळवून बघता येत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावर स्पॉटर उभा असतो आणि कानात सांगत राहतो, आत आहे, अजून आहे, गेला. गेममधला स्पॉटर चालू ठेवलात तर रियलिझमही मिळाला आणि सोयही झाली, असा दोन्हीकडून फायदा फार कमी ठिकाणी मिळतो. फक्त त्याचा आवाज हेडफोनमध्ये ठेवा. आमच्याकडे आई एकदा रात्री दीडला उठून आली की कोण बोलतंय एवढ्या रात्री.

वीस वर्षं जुन्या गेमवर लोक अजून का अडकलेत?

पॅपिरस नावाची कंपनी होती बोस्टनजवळ. १९९४ ला नॅस्कार रेसिंग काढली आणि मग काढतच गेले, शेवटची नॅस्कार रेसिंग २००३ सीझन. त्या वेळी नॅस्कारचं लायसन्स पूर्णपणे ईए या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेलं आणि पॅपिरस बंद पडली. पण त्या शेवटच्या गेमला मॉड करणाऱ्यांनी मरू दिलं नाही, नवे ट्रॅक, नव्या गाड्या, दर सीझनचे पेंट अजून येतात.

ती टिकली याचं कारण मला तरी असं वाटतं की ते लोक आधी एकदा आपटले होते. १९९८ ला त्यांनीच ग्रँड प्री लेजंड्स काढली, १९६७ च्या फॉर्म्युला वन गाड्या, फिजिक्स त्या काळाच्या फार पुढचं आणि अवघड इतकी की माणसाला एक लॅप धड पुरा करता येईना. कौतुक झालं, खप झाला नाही. त्याच फिजिक्सवर मग स्टॉक कारच्या गेम उभ्या केल्या, पण या वेळी नवख्याला निदान ट्रॅकवर राहता येईल असं बघून. पॅपिरसच्या डेव्हिड केमरने जॉन हेन्रीबरोबर २००४ ला नवी कंपनी काढली, तिची आयरेसिंग ही ऑनलाईन सिम २००८ ला सुरू झाली, आणि २०२५ मध्ये तर नॅस्कारची अधिकृत घरगुती गेम पण त्यांनीच काढली.

गेम खेळून खरी गाडी चालवता येते का?

नॅस्कारचा ड्रायव्हर विल्यम बायरनकडे बघा. घरात कोणी रेसिंगवालं नाही, पोरगं आयरेसिंगवर शिकलं, खऱ्या गाडीत बसलं ते पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि २०२४ आणि २०२५ लागोपाठ दोन डेटोना ५०० जिंकली. बायरन सिममधून आला आणि चॅस्टेनची भिंत गेमक्यूबमधून, दोघांपैकी गेमचं जास्त ऋण कोणावर हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडचं म्हणाल तर नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये चालवून आलाय, पहिलीच रेस मार्टिन्सव्हिलला आणि तेरावा आला. फॉर्म्युला वनमधल्या माणसाला पण ओव्हल नवीनच होता, तरी तेरावा, हे त्या ट्रॅकवर गेममध्ये एकदा तरी आपटलेल्या माणसालाच कळेल.

ऑनलाईन खेळू का?

खेळा, पण घाई नको. ऑनलाईनमध्ये रियलिझमचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे समोरचा माणूस, आणि त्याला स्लायडर नसतो. आयरेसिंगने यावर उपाय काढला तो इन्सिडंट पॉइंटचा, ट्रॅकबाहेर गेलात एक, गाडी फिरली दोन, दुसऱ्याला जोरात ठोकलंत चार. चूक कोणाची हे बघतच नाहीत, दोघांनाही पॉइंट. पहिल्यांदा डोकं फिरतं, मागून येऊन कोणीतरी उडवलं आणि चार पॉइंट मला? पण कॉम्प्युटरला चूक कोणाची ते ठरवता येत नाही, आणि या आंधळ्या नियमामुळे लोक लांब राहायला शिकतात, हे खरं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला खऱ्या रेस बंद पडल्यावर नॅस्कारचे खरे ड्रायव्हर घरी बसून आयरेसिंगवर खेळले आणि ते टीव्हीवर दाखवलं. पहिली रेस होमस्टेडला हॅमलिनने शेवटच्या क्षणी डेल ज्युनिअरला (त्या अर्नहार्टचा मुलगा) मागे टाकून जिंकली. पुढे ब्रिस्टलला बब्बा वॉलेस धडकाधडकीला वैतागून मधेच गेम बंद करून निघून गेला, आणि त्यापायी त्याचा खरा स्पॉन्सर गेला! गेममधला राग आणि खरे पैसे, घ्या रियलिझम.

आपल्याला दोन अडचणी, एक पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) आणि दुसरी घड्याळातली वेळ. परदेशातल्या सर्व्हरवर बंपर टू बंपर चालवताना पुढची गाडी तुमच्या स्क्रीनवर जिथे दिसते तिथे ती नसते, तेव्हा पाव गाडीचं अंतर जास्तच ठेवा. आणि अमेरिकेतल्या लोकांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, डेटोना ५०० सुद्धा आपल्याकडे सोमवारी पहाटे एकच्या सुमारास सुरू होते. सोमवारी ऑफिसला काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.

रोड कोर्स खेळावा का?

खेळा की. पण ओव्हलवर हात बसला नसेल तर दीड टनाची गाडी उजवीकडे पण वळवायला लागल्यावर चिडू नका.

सगळ्यात आधी कुठल्या ट्रॅकवर बसू?

सगळे डेटोनाला बसतात, सोपा वाटतो म्हणून. आणि घोळक्यात एकाने चूक केली की वीस गाड्या जातात, त्यात तुम्ही, आणि शिकायला काही मिळत नाही कारण तुमची चूक नव्हतीच. शार्लटसारखा दीड मैलाचा घ्या, एकटे, समोर कोणी नाही, टायर वेअर ऑन, डॅमेज ऑफ. तीस लॅप मारा आणि दर लॅपचा टाईम कागदावर लिहा. पाचवा लॅप आणि तिसावा लॅप यात किती फरक पडला ते बघा, मग परत तीस मारा, या वेळी वळणात शिरताना थोडं आधीच पाय काढा. दुसऱ्या वेळी पाचवा लॅप स्लो येईल आणि तिसावा फास्ट. तसं आलं की डॅमेज ऑन करा आणि बाकीच्या गाड्या बोलवा.